शकुंतलाबाईचं बुरुंडीला जाणं

आंजीच्या शकुंतला भोयरला 'बुरुंडी' हे नाव न अडखळता म्हणता यायला लागलं ते त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात. त्याआधी ती नुसतं 'आफ्रिका' म्हणायची, आणि तिची सासू वच्छलाबाई तर 'तिकडं, समुद्राच्या पल्याड' एवढं सांगून मोकळी व्हायची. शकुंतलाचा नवरा प्रेमदास जिनिंगचा फिटर. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या मशिनी उभ्या करण्यात त्याचा हात असा बसला होता की वर्ध्यापासून हिंगणघाटपर्यंत कुठल्याही जिनात मशीन अडली की त्याला बोलावणं यायचं. नागपूरची एक कंपनी त्या मशिनी परदेशात विकत असे. त्या कंपनीनं प्रेमदासला बुरुंडीला पाठवलं. मशिनी उभ्या करायच्या, तिथल्या माणसांना चालवायला शिकवायचं आणि दोन वर्षांत परत यायचं, असं ठरलं होतं. दोन वर्षं झाली आणि कंपनीनं काम वाढवलं. तेव्हा मात्र वच्छलाबाईनं तोंड उघडलं.

"लग्नाले सात वर्षं झाली," ती शकुंतलाच्या भावाला, योगेंद्रला म्हणाली. "तो तिकडं, हे इकडं. घरात पाळणा हालंन कसा? तुमच्या बहिणीले तिकडंच नेऊन सोडा."

योगेंद्र वर्ध्याला कापडाच्या दुकानात कामाला होता, राहायला सिंदी मेघेला. त्याला या बोलण्याचा राग आला. पण शकुंतलाला नाही आला. तिला तर आतून उकळी फुटली. सात वर्षांत नवऱ्यासोबत ती नागपूरच्या पलीकडं गेली नव्हती. कंपनीनं होकार दिला: सहा महिन्यांसाठी बायकोला आणता येईल, व्हिसा आणि तिकीट कंपनी पाहील, पासपोर्ट आणि तापाची सुई एवढं तुम्ही करा.

गावात शाळेतून रिटायर झालेले मधुकरराव गुरुजी होते. त्यांनी नकाशाचं पुस्तक काढलं. आफ्रिकेच्या पोटात, एका लांबट निळ्या तळ्याच्या टोकाला एवढासा ठिपका होता. त्यात नाव मावत नव्हतं, म्हणून छापणाऱ्यानं नुसता आकडा घातला होता आणि नाव खाली कोपऱ्यात दिलं होतं.

"हे पाय, हे तुह्यं गाव," गुरुजी म्हणाले.

"एवढुसं?"

"आपला वर्धा जिल्हा यात शोधून दाखव बरं."

शकुंतला हसली. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला, त्याला तिनं चहा पाजला, आणि "कायले चालल्या बाई एवढ्या दूर?" असं त्यानं विचारलं तेव्हा ती लाजून आत पळाली. पिवळ्या तापाची सुई तेव्हा मुंबईलाच मिळायची. योगेंद्रनं सुट्टी घेऊन तिला नेलं. दंड सुजला, परतीच्या गाडीत अंग फणफणलं; पण ती भावाला म्हणाली, "होऊ दे, एकदाचं झालं."

प्रेमदासचा फोन कंपनीच्या नागपूरच्या ऑफिसात यायचा. एकदा शकुंतलाला मुद्दाम तिथं बोलावलं. लाइनमध्ये समुद्राचा घोंघाट असल्यासारखा आवाज होता.

"वांगे भेटतेत इथं," प्रेमदास ओरडून सांगत होता, "तुरीची डाळ नाई भेटत. अन् मेथीचं बी आणजो. अंगणात पेरू."

"अंगण हाये का?"

"हाये ना! अन् तलाव एवढा मोठा हाये का पल्याड दिसत नाई. दिवस बुडला का पाणघोडे बाहेर निघतेत, अन् रस्त्याच्या काठानं गवत खातेत. गाईसारखे."

घरी येऊन तिनं हे सांगितलं तर वच्छलाबाई म्हणाली, "पाणघोडे खातेत का माणसाले?" शकुंतलाला ठाऊक नव्हतं. पण त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांपुढं एक अंगण आलं. त्यात मेथी, बाजूला चूल, आणि दूरवर पाणीच पाणी. तिनं वड्या वाळवल्या, कुरडया केल्या, मिरच्या कांडल्या. दिवाळी झाली की निघायचं होतं. नवरात्रात तर ती शेजारणींना निरोपाचं हळदीकुंकू लावूनही आली.

दसऱ्याच्या दोन-तीन दिवस आधी बुरुंडीच्या राष्ट्रपतीला तिथल्याच सैनिकांनी मारून टाकलं. आंजीला ही बातमी योगेंद्रनं आणली. तो भर दुपारी एसटीतून उतरला आणि घरात न येता दारातच उभा राहिला. तिथं दोन जातींत कापाकापी सुरू झाली होती. गावंच्या गावं डोंगरात पळत होती. प्रेमदासचा पत्ता नव्हता. दिवाळी तशीच गेली. दिवाळीनंतर कंपनीकडून निरोप आला की जिनावरची माणसं सुखरूप आहेत. पुढं प्रेमदासचा फोन आला तेव्हा तो हळू बोलत होता.

"आता येऊ नको, शकुंतला. इथलं काई खरं नाई. निवळलं का सांगतो."

"तुम्हीच या ना मंग परत."

"मशिनी अर्ध्यात हायेत. असं सोडून येता येत नाई."

शकुंतलानं वड्यांचे डबे उघडले आणि त्या घरात खायला काढल्या. मेथीचं बी मात्र ठेवून दिलं. ते खराब होत नाही म्हणून.

मग वर्षं निघायला लागली. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या देशात त्याहून मोठी कत्तल झाली आणि पेपरात रोज तेच यायला लागलं. त्यानंतर बुरुंडीत सैन्यानं सत्ता घेतली, शेजारच्या देशांनी नाकाबंदी केली, विमानं बंद पडली. गावात एसटीडीचं बूथ निघालं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रेमदासचा फोन यायचा, आणि ती सकाळपासून डोक्यावर पदर घेऊन तिथं बाकावर बसायची. "औंदा निवळंन," तो म्हणायचा. कधी म्हणायचा, "कापसाचा हंगाम होऊ दे." हळूहळू त्याचं बोलणं आटत गेलं. पाणघोड्यांची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही. तिनंच एकदा विचारलं तर म्हणाला, "असतेत आपले."

हंगामात ती गावाजवळच्या जिनात कामाला जायला लागली. घरातून निघायला निमित्त म्हणून म्हणा, की नवऱ्याच्या मशिनी चालतात तरी कशा ते पाहायला म्हणा. कापसातला कचरा वेचायचं काम. दिवसभर डोळ्यांत, नाकात, भुवयांवर रुईचे तंतू. वच्छलाबाई म्हणायची, "नवरा फिटर अन् बायको कचरा वेचते." पण अडवलं नाही तिनं.

सत्त्याण्णव साली शकुंतला एकटीच नागपूरला कंपनीच्या ऑफिसात गेली. तिथले साहेब चांगले होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाई, आता तर मुश्कील आहे," ते म्हणाले. "नाकाबंदी उठल्याशिवाय कोणालाच पाठवता येत नाही. मधे पंच्याण्णवात शहर जरा शांत होतं, तेव्हा गेल्या असत्या तर जमलं असतं. कोइमतूरचा आमचा फिटर नाही का, त्यानं नेली तेव्हा बायको. आठ महिने राहून आली. तुमच्यासाठीही आम्ही प्रेमदासला विचारलं होतं."

"काय म्हणले ते?"

साहेबांना वाटलं तिला ठाऊक असेल. ते जरा चाचरले. "नाही म्हणाला. तब्येतीचं काहीतरी सांगितलं. तुमच्या."

शकुंतला उठली, नमस्कार केला आणि बसस्टँडवर आली. तिची तब्येत पंच्याण्णवात उत्तम होती. पुढच्या फोनच्या रविवारी तिनं विचारलं.  प्रेमदास म्हणाला, "तो तमिळ माणूस. त्याले जिवाची पर्वा नाई. मले तुह्या जिवाची होती." ती "बरं" म्हणाली. 

नव्व्याण्णव साली नाकाबंदी उठली, आणि शकुंतला तिकडं जाण्याऐवजी प्रेमदासच घरी आला. योगेंद्र त्याला घ्यायला सेवाग्राम स्टेशनवर गेला आणि आधी समोरून पुढं निघून गेला, कारण त्यानं पाव्हण्याला ओळखलंच नाही. आठ वर्षांत माणूस अर्धा झाला होता. दोन पावलं चालला की खोकायचा. दवाखान्यात छातीचा फोटो काढला. आयुष्यभर रुईचा कोंडा ओढून ओढून छाती गेली, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यावर टीबीही होता. गोळ्या सुरू झाल्या. वच्छलाबाईनं लेकासाठी केळझरच्या गणपतीला नवस बोलला होता. तो फेडायला हिवाळ्यात नवरा-बायको दोघं केळझरला गेले.

दर्शन झालं, नारळ फोडला. खाली उतरताना प्रेमदास एका दुकानापाशी थांबला. बांगड्या, खेळणी, आणि दोरीवर टांगलेले लहान मुलांचे कपडे. त्यानं पिवळ्या फ्रॉकला हात लावला.

"किती वर्षांच्या पोरीले पाह्यजे?" दुकानदारानं विचारलं.

"पाच."

शकुंतला म्हणाली, "हा कोणाले होईल? दादाची पोट्टी तर दहाची झाली."

त्यानं फ्रॉक घेतला, पिशवीत घातला. बसथांब्यावर बाकावर दम खात बसला, आणि मग समोर रस्त्याकडं पाहत म्हणाला, "शकुंतला, मले एक पोट्टी हाये."

तिला नीट ऐकू आलं नाही. तिला वाटलं, 'पाह्यजे' म्हणाला. तिचा चेहरा लाल झाला, आणि ती पदर सारखा करत म्हणाली, "आता या वयात कुठली पोट्टी? आधी तुम्ही बरे तर व्हा."

"पाह्यजे नाई म्हणून राह्यलो. हाये म्हणतो. तिकडं."

एक बस आली, माणसं चढली, बस गेली.

"केवढी हाये?"

"पाच वर्षाची. नादीन नाव हाये तिचं."

"अन् तिची माय?"

"ओदेत. जिनात सरकी झाडाले येत जाये."

 शकुंतला म्हणाली, "मी सुई टोचून घेतली तवा होती का थे?"

"नाई. गणपतीसमोर खोटं बोलत नाई. तवा खरंच लढाई पेटली होती. येऊ नको म्हटलं ते खरंच होतं."

"अन् पंच्याण्णवात? त्या तमिळाची बायको गेली तवा?"

प्रेमदासला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत ती थांबली. पाठ चोळायला हात पुढं झाला नाही तिचा.

"तवा होती," तो म्हणाला.

त्या दिवशी शकुंतला त्याच्यासोबत बसमध्ये बसली, वर्ध्याला उतरली, आणि आंजीच्या गाडीत त्याला एकट्याला बसवून देऊन सिंदी मेघेला भावाकडं गेली. योगेंद्रनं सगळं ऐकलं. तो म्हणाला, "राह्य इथंच. जायची गरज नाई आता तुले." भावजय चांगली होती, कधी वाकडं बोलली नाही. पण दुसऱ्याच्या घरात सकाळी उठून काय करावं, हे ठरवणंच अवघड होतं. भांडी घासायला घेतली तर भावजय हातातून काढून घ्यायची.

महिनाभरानं वच्छलाबाई आली. म्हातारी एकटी एसटीनं आली होती. पाणी प्यायली, आणि कोणी मेल्याची किंवा कोणाचं लग्न ठरल्याची बातमी सांगावी तशी म्हणाली, "सांगतलं त्यानं मले. त्याले पोट्टी झाली म्हणजे त्याच्यात काई खोट नोती."

योगेंद्र ताडकन उठला. शकुंतलानं त्याला हातानं थांबवलं.

"तो अंथरुणाले लागला," वच्छलाबाई पुढं म्हणाली, आणि आता तिचा आवाज फाटला. "माह्यानं त्याले उठवणं-बसवणं होत नाई. चाल ना वो, शकुंतला."

ती गेली. का गेली, हे भावाला तिला सांगता आलं नाही. नवऱ्यासाठी गेली असं म्हणावं तर गेल्यावर कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. पण त्या घराच्या चुलीशी तिची चौदा वर्षं गेली होती. दुसरीकडं कुठं तिचं काही नव्हतं.

नात आहे हे कळल्यापासून वच्छलाबाईला दुसरं काही सुचेना. "आण ना रे तिले," ती लेकाच्या उशाशी बसून म्हणायची. "काय नाव म्हणतं तिचं? नदी?" "नादीन." "हो, नदीच. आपल्या घरी येऊ दे." प्रेमदासही दिवसभर त्याच बेतात. कंपनीतल्या कोणाला सांगायचं, नैरोबीवरून जायचं की दुसरीकडून, बुजुंबुरात, तिथल्या मोठ्या शहरात, ताराचंद शेठचं कापडाचं दुकान आहे तिथं उतरायचं. विमानात बसायचं म्हटल्यावर डॉक्टरांनी मान हलवली. या छातीला ते झेपणार नाही म्हणाले. एका दुपारी शकुंतला त्याला पेज पाजत होती. वाटी संपल्यावर त्यानं तिचं मनगट धरलं.

"तुहा पासपोर्ट हाये ना अजून?"

"हाये."

"मंग तू जा. तिले घेऊन ये. मी तुह्या पाया पडतो."

शकुंतलानं हात सोडवून घेतला आणि वाटी धुवायला बाहेर गेली. मोरीपाशी ती किती वेळ नुसतीच बसून होती. राग आला, रडू आलं. आणि त्या सगळ्याच्या खाली, तिचं तिलाच नवल वाटावं असं, दुसरंच काही सुरू झालं: ती पोरगी आली तर निजेल कुठं? तिला तिखट चालेल का? इथल्या शाळेत भाषा कशी कळेल? आपण कोणाच्या पोरीचा विचार करून राह्यलो हे ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःची चीड आली. पण विचार थांबला नाही. दोन दिवसांनी तिनंच मधुकरराव गुरुजींना गाठलं आणि विचारलं की परदेशातलं लेकरू आणायचं तर काय काय लागतं.

गुरुजी थकले होते, नजर गेली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आधी थे पोट्टी कुठं हाये थे तं पाय," ते म्हणाले. "माय देते का थे इचार."

वर्ध्याच्या बूथवरून शकुंतलानं ताराचंद शेठला फोन लावला. ते मूळचे कच्छकडचे, तीन पिढ्यांपासून तिकडं. हिंदीत बोलायचे.

"भाभीजी, ओदेत का मोहल्ला तो खाली करा दिया," ते म्हणाले. "सबको पहाड़ के कैंप में ले गए. मैं आदमी भेजता हूँ. टाइम लगेगा."

लागायचा तो वेळ लागला. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या. शकुंतला दर पंधरवड्याला वर्ध्याला जाऊन फोन करायची. पोळा होऊन गेल्यावर एकदा ताराचंद शेठ म्हणाले, "अगले हफ्ते इसी टाइम करना. वो आएगी."

त्या दिवशी शकुंतलानं धुतलेलं लुगडं नेसलं. फोनवर बाईला लुगडं दिसत नाही हे तिला ठाऊक होतं. पलीकडं ताराचंद शेठ होते, आणि त्यांच्याजवळ कोणीतरी भराभर, दबल्या आवाजात बोलत होतं.

"पूछती है, प्रेमदास जिंदा है क्या?"

"हाँ. बीमार है. बहुत."

शेठनी ते तिकडं सांगितलं. मग ओदेत बोलली, आणि थांबून थांबून शेठ हिंदी करत गेले.

"बोलती है, लड़ाई में दो भाई गए, माँ गई. अब यही एक लड़की है. लड़की को नहीं देगी. बोलती है, आप आओ, मिलो, उसके घर में रहो. लेकिन लेके नहीं जाना." थोडं थांबून ते म्हणाले, "और पूछती है, आपके कितने बच्चे हैं?"

शकुंतलानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"नहीं हैं."

शेठनी सांगितलं. त्यावर ओदेत पुष्कळ काही बोलली. बोलता बोलता तिचा आवाज चढला, मग भिजला. शेठनी त्याचं हिंदी केलं नाही.

"क्या बोली?" शकुंतलानं विचारलं.

"कुछ नहीं, भाभीजी. रो रही है." मग घाईघाईनं, "लड़की को लाई है. लो, बात करो."

फोनमध्ये श्वास ऐकू आला. बारीक, नाक चोंदलेलं असावं तसा. आणि मग एक पोरगी, प्रत्येक अक्षर वेगळं करत, म्हणाली, "जेवली का?"

शकुंतलाला काही क्षण कळलंच नाही. बाप रोज कामावरून आला की हेच विचारत असणार.

"जेवलो," ती म्हणाली. "तू जेवली का, बाई?"

पण पोरीला तेवढंच येत होतं. ती पुन्हा म्हणाली, "जेवली का?" आणि लाइन खरखरायला लागली.

घरी आल्यावर तिनं प्रेमदासला जसंच्या तसं सांगितलं. पोरगी बोलली ते ऐकून त्यानं डोळे मिटले. बाकीचं ऐकून उघडले.

"ओदेत असं म्हणणार नाई."

"म्हटलं तिनं."

"तू नीट विचारलं नाई. तुले तिले आणाचंच नाई, शकुंतला. मले समजते."

एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा त्याच्यावर ओरडली. "हो, नाई आणाचं! मायीच्या कुशीतून वढून आणू काय मी? तिनं मले घरी राह्यले बोलावलं. तुमी तेवढं बी नाई केलं."

वच्छलाबाई दारात उभी होती. ती आल्यापावली मागं फिरली.

त्यानंतर प्रेमदासनं तिला बेत सांगणं बंद केलं. तो भिंतीशी बोलल्यासारखा पुटपुटायचा: नैरोबी, ताराचंद, डोंगराकडची गाडी. दुसऱ्या वर्षी होळीच्या आसपास, शकुंतला जिनात गेलेली असताना, तो उठला. म्हातारी पलीकडच्या घरी गेली होती. त्यानं पिशवीत फ्रॉक आणि दोन सदरे भरले, कोणाच्या तरी बैलगाडीतून थांब्यावर गेला, वर्ध्याला उतरून नागपूरच्या गाडीत बसला. कंपनीत जायचं आणि तिथून पुढं निघायचं, असं त्यानं कंडक्टरला सांगितलं होतं म्हणे. सेलू येईस्तोवर त्याला श्वास घेता येईना. स्टँडवरच्या माणसांनी उतरवलं, वारा घातला, एकानं ओळखलं म्हणून संध्याकाळपर्यंत तो जीपनं घरी तरी आला.

शकुंतलानं त्याला आत घेतलं. चैत्र कसाबसा निघाला. वैशाखात, ऊन डोक्यावर असताना, तो गेला. शेवटचे दोन दिवस तो कोणती तरी दुसरी भाषा बोलत होता. ती तिथं कोणालाच समजत नव्हती.

तेरवी झाल्यावर ती वर्ध्याला फोन करायला गेली. नंबर लागला, पण दुकानात दुसराच कोणी होता. त्याला हिंदी येत नव्हती. ती "ताराचंद, ताराचंद" म्हणत राहिली. तो "कंपाला, कंपाला" म्हणत राहिला. कंपाला हे दुसऱ्या देशातलं शहर, म्हणजे शेठ देश सोडून गेले, असा गुरुजींनी त्याचा अर्थ लावला. पुढं तो नंबरही बंद पडला. प्रेमदास गेला हे ओदेतला कळलं की नाही, शकुंतलाला कधी समजलं नाही. पासपोर्टची दहा वर्षं भरली तेव्हा त्याची सगळी पानं कोरीच होती. योगेंद्र म्हणाला, नवा करायचा का? तिनं विचारलं, "कायले?"

वच्छलाबाई मात्र गावभर सांगत राहिली, "माही नात बुरुंडीले शिकून राह्यली. येणार हाये." लोक हो म्हणायचे.

दोन हजार सहाच्या हंगामात, शकुंतला कामाला होती त्या जिनात नव्या मशिनी बसवायला नागपूरहून रजत नावाचा एक तरुण इंजिनिअर आला. दुपारच्या सुट्टीत तो मुकादमाला सांगत होता की आफ्रिकेत एका देशात लढाई थांबली, तिथलं जिन पुन्हा सुरू होणार, आणि त्याला तिकडं पाठवणार आहेत. देशाचं नाव त्यानं सांगायच्या आधीच शकुंतलाला कळलं. ती डबा तसाच ठेवून उठली. केसांवर, पापण्यांवर रुई होती, ती पुसायचंही भान राहिलं नाही.

"साहेब, तिकडं एका बाईले शोधाचं होतं."

मुलगा चांगला होता. त्यानं मोबाइल काढला, लिहून घ्यायला. "नाव सांगा, मावशी."

"ओदेत."

"ओदेत काय? पूर्ण नाव?"

प्रेमदासनं कधी सांगितलं नव्हतं. ताराचंद शेठना तिनं कधी विचारलं नव्हतं.

"राहते कुठं?"

"आधी गावात होती. मंग डोंगरातल्या छावणीत नेलं होतं. जिनात सरकी झाडत जाये. तिले पोट्टी हाये, नादीन. आता अकरा-बाराची असंन."

रजतनं मोबाइलवर काहीतरी टिपलं. मग खाली पाहून म्हणाला, "मावशी, ओदेत नावाच्या तिथं शेकड्यानं बाया असतील."

"पोट्टीले मराठी येते," शकुंतला म्हणाली. मग जरा वेळानं, "एवढी नाई येत. दोन शब्द."

"पाहतो मी," तो म्हणाला. "विचारून पाहतो."

भोंगा झाला. बायका उठल्या. पुढच्या हंगामात त्या जिनात रजतच्या जागी दुसरा इंजिनिअर आला. रजत नोकरी सोडून पुण्याला गेला होता. बुरुंडीला तो गेला की नाही, हे या नव्या माणसाला ठाऊक नव्हतं. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी शकुंतला घरी आली तेव्हा वच्छलाबाईपर्यंत गोष्ट आधीच पोचली होती. म्हातारी ओट्यावर वाट पाहत बसली होती.

"काय म्हणे तो पोरगा?"

"पाहतो म्हणे."

"मंग आणंन का तो तिले?"

शकुंतलानं हातपाय धुतले, पदरानं तोंड पुसलं, आणि आत जाऊन चुलीवर भाताचं आधण ठेवलं.